दांडीवर मारलेलं पाणी

आमच्या घरात धाकट्या सुनेने मोठ्या दिराशी थेट बोलायचं नाही, अशी रीत आहे. भांडण नाही, राग नाही, नुसती रीत. दादा ओट्यावर बसलेले असतात, मी चहाचा कप घेऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी असते आणि म्हणते, "आत्या, दादांना म्हणावं, चहा निवतोय." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आत चुलीपाशी असतात आणि आतूनच ओरडतात, "आरं, च्या निवतोय म्हणती." मग दादा कप घेतात. लग्न होऊन निरवांगीला आले तेव्हा पहिले काही महिने मला याचं इतकं हसू यायचं, की आत जाऊन तोंडात पदर कोंबावा लागायचा. पुढे सवय झाली.

नोकरीच्या ठिकाणी मात्र मी कुणाशीही बोलते, आणि वेळ पडली तर ओरडून बोलते. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे भाग भट्टीत तापवून कडक करून देणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी तपासणीला आहे. शाफ्ट, पिना, गिअर लालभडक होऊन भट्टीतून निघतात, तेलात बुडतात आणि गार झाले की माझ्या टेबलावर येतात. मी मशीनवर त्यांचा कडकपणा मोजते आणि पास किंवा नापास ठरवते. स्वभावाने मी तशी तापटच. "मॅडम, एकदा जाऊ द्या ना," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

माहेर माझं सोमेश्वरनगरचं. साखर कारखान्याच्या भोंग्यावर आम्ही शाळेत जायचो. डिप्लोमाला असताना वर्कशॉपमध्ये एका सरांनी एकाच सळईचे दोन तुकडे भट्टीत तापवले. एक भट्टीतच ठेवून भट्टी बंद केली, दुसरा बाहेर काढून पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे शिकंज्यात धरले. पहिला हातोड्याच्या मारानं वाकला. दुसरा एका फटक्यात मोडला आणि त्याचा तुकडा खिडकीवर जाऊन आदळला. त्या दिवशी मला हा विषय कळला, आणि थोडी भीतीही बसली.

लोखंड आपल्याला घट्ट, मुकं वाटतं. पण लाल होईपर्यंत तापलं की ते वितळत नसलं, घट्टच राहिलं, तरी आतल्या आत त्याची सगळी मांडणी बदलते. गार होताना ती मांडणी पुन्हा जागेवर येऊ पाहते, आणि त्यासाठी तिला वेळ लागतो. वेळ दिला तर वाकेल पण मोडणार नाही असं पोलाद मिळतं. वेळ दिला नाही तर ती मांडणी अर्ध्या वाटेत अडकून बसते. मग ते पोलाद कडक होतं पण काचेसारखं, ताण आला की तडकणारं. तापवतानाही घाई चालत नाही. थंडीच्या दिवसांत जाड शाफ्ट एकदम पेटत्या भट्टीत सारला तर वरचा थर फुगतो, गाभा गारच राहतो आणि शाफ्टला चीर जाते. म्हणून आम्ही त्याला आधी मंद आचेवर बराच वेळ ठेवतो. आता हे सगळं साध्या मऊ लोखंडाला फारसं लागू होत नाही. घरच्या खिडकीच्या गजावर तापल्यावर पाणी ओतलं तरी त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चांगल्या, ताकदीच्या पोलादाचं. इथेच आमच्या घरचं दुखणं सुरू झालं.

आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. सासरे गेल्यावर दादांनी ती विकली, ट्रॅक्टर घेतला, मागून दोन ट्रॉल्या घेतल्या आणि उसाची वाहतूक धरली. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. हंगामात दोघे बरोबर असतात. दादा ट्रॅक्टर चालवतात आणि नवऱ्याकडे उटी असते. उटी म्हणजे चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा. कालव्याच्या पुलाचा चढ आला, की उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायला लागतं. तेव्हा एकानं खाली उतरायचं, मागच्या ट्रॉलीच्या चाकामागून उटी घेऊन चालायचं, आणि गाडी मागे सरकू लागली की ती चाकाखाली द्यायची. आमच्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे असा एक माणूस असतो.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी जी लोखंडी दांडी असते, ती आमची दर हंगामात वाकायची. यंदा दादांनी इंदापूरच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा जुना अ‍ॅक्सल आणला आणि त्याची दांडी करून घेतली. टोकाला कडी जोडली. आल्यागेल्याला ते दांडी दाखवायचे. "आता बघतोच कशी वाकती ती," म्हणायचे. वाकली नाहीच ती. हंगाम ऐन भरात असताना, माझ्या सुट्टीच्या दिवशी, कडीच्या जोडापाशी सुटली.

भरलेल्या ट्रॉल्या दारातच उभ्या होत्या. गावातला वेल्डर मोटरसायकलवर मशीन लादून आला. थंडी होती, दांडी हाताला बर्फासारखी लागत होती. त्याने ती जराही शेकली नाही, तशीच धरली आणि तडतड टाके मारत गेला. जोड लाल झाला, मग पांढरट दिसायला लागला. त्याने मशीन बंद केलं न केलं, तोच दादांनी पाण्याचा कॅन उचलला आणि सगळा जोडावर रिकामा केला. चर्र झालं, वाफेचा लोट उठला.

"झालं! चला," दादा म्हणाले.

त्यांचं काही वेगळं होतं असं नाही. इकडे सगळे असंच करतात. साखर कारखान्याच्या आवारात वाहनांचा नंबर लागलेला असतो. तोडलेला ऊस उन्हात वाळत असतो, तासागणिक त्याचं वजन घटतं. जोड निवेपर्यंत थांबायला कुणाला सवड आहे? साध्या लोखंडाच्या दांड्यांवर असं पाणी मारून लोकांनी वर्षानुवर्षं ऊस वाहिलाय. पण ही दांडी साध्या लोखंडाची नव्हती, ट्रकच्या अ‍ॅक्सलची होती. मी दारात उभी राहून ती वाफ बघत होते. नवरा उटी खांद्यावर टाकून मडगार्डवर बसला, मला हात केला आणि ट्रॅक्टर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर मी त्याला धरलं.

"तुमी चढाला त्या ट्रॉलीमागं चालणार न्हाय," मी म्हणाले.

"मंग कोण चालणार? तू?" तो हसला.

"जोड काचंसारखा झालाय. पाणी मारल्यावर त्यो आतनं उलतो, वरनं दिसत पण न्हाय."

"अगं, समदी मारत्यात पाणी. कुणाची दांडी मोडली?"

"समदी साध्या लोखंडावर मारत्यात. ही अ‍ॅक्सल हाय. दादांना सांगा."

त्याने डोकं खाजवलं. "दादाला मी काय सांगू? त्या दांडीचं कवतिक किती हाय त्याला, तुला ठावं न्हाय व्हय?" असं म्हणून तो आंघोळीला गेला. माझा नवरा वाईट नाही, पण दादांपुढे त्याचं तोंड उघडत नाही. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की त्याचं ताट मी वाढून ठेवलं आणि समोर बसले नाही.

उरल्या आत्या. त्या लोणी कढवत होत्या. आत्यांचं तूप आमच्या आळीत नावाजलेलं, रव्यासारखा दाणा पडतो. कढवून झालं की त्या डबा जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. मला वाटलं, हीच वेळ आहे.

"आत्या, हा डबा आत्ताच्या आत्ता गार पाण्यात ठेवला तर?"

"दाणा कसा धरंल मंग? नुसतं गिळगिळीत हुईल."

"तूप तेच, तरी?"

"येळ नको का त्याला?"

"लोखंडाचं पण तसंच असतं आत्या. दादांनी त्याला येळ दिला न्हाय. कडी कापून परत जोडायची, आधी दोन्ही बाजू शेकून घ्यायच्या, आणि जोडल्यावर राखंत झाकून ठेवायचं. आपोआप निवू द्यायचं. न्हायतर ती चढाला मोडंल, आणि मागं तुमचा पोरगा असतो."

आत्यांचा चेहरा उतरला. त्यांना नीट कळलं होतं. त्या उठून ओट्यावर गेल्या. मी दाराआड उभी राहिले. आणि त्या काय म्हणाल्या? "आरं, ती म्हणती, दांडी तुपावानी निवाय पायजे व्हती."

दादा खदाखदा हसले. "मंग आता दांडीला तूप लावू का म्हणावं?" शेजारचे दोघे बसले होते, तेही हसले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर बायका मला विचारत होत्या, "काय गं, टॅक्टरला तूप लागतं म्हनं?"

फेऱ्या चालूच होत्या. दांडी टिकत होती, आणि जसजशी टिकत होती तसतसं माझं हसं वाढत होतं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला फोन करायची. तो म्हणायचा, "हाय मी, जित्ता हाय." मला ही थट्टा सहन होत नव्हती. कामावर माझं लक्ष नव्हतं. एक पेटी मी दोनदा तपासली. भट्टीतला शाफ्ट तेलात जाताना चर्र झालं की मला आमच्या दारातली वाफ दिसायची.

एका संध्याकाळी दादांनी मुद्दाम घण आणला. अंगणात सगळ्यांदेखत त्यांनी जोडावर दणका दिला. दांडी टणकन वाजली. आणखी एक दिला, पुन्हा वाजली.

"आये, तिला म्हणावं, बघ. काय झालं का?"

मी आत्यांच्या पाठीशी उभी होते. मी म्हणाले, "आत्या, दादांना म्हणावं, आज वाजली म्हणून उद्या मोडणार न्हाय असं नसतं. चीर आत असली तर रोजच्या वढीनं थोडी थोडी वाढत जाती. तिला भार बसला की कळंल. दोरी वाळत घातलेल्या धुण्यानं तुटत न्हाय, भरलेली बादली वढताना तुटती."

आत्या दादांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय म्हणती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या. घरात कुरबुर नको, थोरल्याचा पाणउतारा नको, म्हणून त्यांनी माझं सगळं बोलणं गिळून टाकलं होतं. मग मला एकदम कळलं, की लग्नापासून मी जे जे दादांना सांगितलं, त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोचलं असेल कोण जाणे. चहा निवतोय एवढंच बहुतेक. त्या रात्री मी रडले. नवरा म्हणाला, "अगं, झोप आता." मला झोप लागली नाही.

सकाळी ट्रॉल्या भरून दारात उभ्या होत्या. दादांनी ट्रॅक्टर सुरू केला. मी डबा हातात घेऊन कामाच्या बससाठी निघाले होते, ती सरळ ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिले.

"दादा," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "ती कडी कापून परत जोडल्याबिगर जाऊ नका. माझं शिक्षान तेच हाय, रोजचं काम तेच हाय. ती मोडणार हाय. आणि चढाला मागं हे असत्यात."

नवऱ्याने मान खाली घातली. आत्या धावत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "आधी डोक्यावर पदर घी." दादा माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी नजर काढून घेतली.

"आये," ते म्हणाले, "तिला म्हणावं, बस चुकंल. डबा घेतलाय का इचार."

ट्रॅक्टर माझ्या बाजूने वळसा घालून गेला. मडगार्डवर नवरा, त्याच्या मांडीवर उटी. मी दादांना मनातल्या मनात नको नको ते बोलले. बसमध्ये खिडकीशी बसून तोंडावर पदर घेतला आणि लोणी देवकर येईपर्यंत तो काढला नाही.

दुपार व्हायच्या आत केबिनमधून निरोप आला, मॅडम, घरच्यांचा फोन. मी टेबलावरचा शाफ्ट तसाच टाकून पळाले. फोन कानाला लावला तर नवऱ्याचाच आवाज. मी खुर्चीत बसले आणि देवाला हात जोडले. माझा नवरा जिवंत होता. त्या क्षणी मला दुसऱ्या कशाचीही पर्वा नव्हती, आणि हे मी इथे लपवणार नाही.

"दांडी मोडली," तो म्हणाला. तो रडत होता. "दादा खाली घावला."

मला समजेना. दादा तर ट्रॅक्टरवर असतात.

बारामतीच्या दवाखान्यात पोचल्यावर मला सगळं कळलं. कालव्याच्या चढाखाली दादांनी ट्रॅक्टर थांबवला होता. उतरून मागे आले आणि भावाला म्हणाले, "तू बस वर. उटी दे हिकडं." भावाने विचारलं, "का?" तर म्हणाले, "बसून बसून पाय आखडल्यात. ही खेप टाकू, मंग जाऊ वेल्डरकडं." चढाच्या मध्यावर दांडी कडीपाशी मोडली. दोन्ही ट्रॉल्या मागे सुटल्या. दादांनी उटी चाकाखाली दिली, पण तेवढ्याशा लाकडाला तो भार कुठला आवरतोय? चाक उटीवर चढलं आणि दादांचा गुडघ्याखालचा पाय घेऊन थांबलं.

नवऱ्याने मोडलेली कडी पिशवीत घालून आणली होती. का आणली, ते त्यालाही सांगता येईना. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ती बघितली. कुठे वाकलेली नाही, ताणलेली नाही. सरळ मोडलेली, आणि मोड खडीसाखरेसारखा चकाकत होता. फक्त एका कडेला नखाएवढा भाग काळसर गंजलेला होता. म्हणजे तेवढी चीर जुनी होती. दादांनी घण मारला तेव्हा ती होती, नवरा "जित्ता हाय" म्हणायचा तेव्हाही होती. मी कडी पिशवीत परत घातली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगून आता कुणाला काय मिळणार होतं?

मला राहून राहून एकच गोष्ट छळत होती. पाय आखडले म्हणून कुणी भरल्या ट्रॉल्या चढाखाली थांबवत नाही. माझं बोलणं त्यांना पटलं होतं. सकाळीच, दारातच पटलं होतं. पण भावजयीच्या सांगण्यावरून भरलेली गाडी उभी करायची, हे त्यांच्याच्याने झालं नाही. मग त्यांनी त्यातल्या त्यात जे जमेल ते केलं. भावाला वर बसवलं आणि स्वतः मागे गेले. मी ज्या माणसाला बसमध्ये शिव्या घालत होते, तो त्याच वेळी माझ्या नवऱ्याच्या जागी चालत होता. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑपरेशन झालं. हाडात लांब सळई घातली. ट्रॅक्टरचा क्लच ते पुन्हा दाबू शकतील का, हे डॉक्टर सांगेनात. आत भेटायला सोडलं तेव्हा आम्ही तिघे खाटेभोवती उभे राहिलो. दादांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकले होते. ते आधी भावाकडे बघत राहिले, डोक्यापासून पायापर्यंत. मग आत्यांकडे. मग डोळे मिटून घेतले. वाटलं, गुंगी आली.

"आये," ते डोळे मिटूनच म्हणाले, "तिला इचार."

"काय इचारू रं?"

"ही सळई घातलीया पायात. ती तरी नीट निववलीया का म्हणावं."

आत्या माझ्याकडे वळल्या. पदर डोळ्यांना लावून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग मीच खाटेजवळ गेले. डोक्यावर पदर होता की नव्हता, आठवत नाही.

"व्हय दादा," मी म्हणाले. "सावकाश निववलीया. मोडायची न्हाय."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले. मला म्हणाले.

त्या सळईबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. ती कुठल्या धातूची, कुणी तापवली, कशी निववली, काही नाही. मोजल्याशिवाय मी आजवर कशालाच पास म्हटलेलं नव्हतं.